जाताना सोळा तास, येताना चौदा

१२ जानेवारी, सोमवार

वारा! आज आई-मावशीचं प्रकरण वाऱ्यावर आलं.

आई सकाळी खालच्या मजल्यावर भूगोलवाल्या बाईंकडे पेपर परत करायला गेली ती तासाभराने लढाई जिंकल्यासारखी वर आली. मी मेण तापवून बसले होते. दातांच्या डॉक्टरांना वरची कवळी दुपारपर्यंत हवी होती, आणि मेणाचं काम एकदा हातात घेतलं की मान वर करता येत नाही.

"विमानाला इथून तिकडे जायला सोळा तास लागतात," आई म्हणाली. "आणि तिकडून इकडे यायला चौदाच. ठाऊक होतं तुला?"

"बरं मग?"

"मग काय! वर वारा असतो म्हणे जोराचा, एकाच दिशेने. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. म्हणजे ताईला सोपं पडतं. तिनेच यावं."

मी म्हटलं, आई, अंतर तेवढंच आहे! साडेतेरा हजार किलोमीटर! इथून मोज नाहीतर तिथून मोज!

"अंतराचं कोण बोलतंय? मी वेळेचं बोलते आहे."

एवढं म्हणून तिने कवळी काढली आणि वाटीत ठेवली. कवळी काढली म्हणजे तिच्या बाजूने चर्चा संपली. वर ती कवळी मीच घडवलेली! चांगली बसेल अशी केली हीच चूक.

१३ जानेवारी, मंगळवार

एकदा सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

आई चौऱ्याहत्तर. मावशी एकोणऐंशी. सख्ख्या बहिणी. एक या टोकाला, एक त्या टोकाला. भेटून इतकी वर्षं झाली की शेवटच्या फोटोत माझे केस काळे आहेत. दर रविवारी सकाळी फोन. तिकडे तेव्हा संध्याकाळ. तासभर बडबड, त्यात अर्धा तास 'तू ये' आणि अर्धा तास 'तूच ये'. इथवर ठीक होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मावशी रुसली. फोनवरच येत नाही! येण्याची तारीख सांगितल्याशिवाय बोलणार नाही म्हणे. आता सगळे निरोप बाळ्यामार्फत. बाळ्या म्हणजे मावशीचा मुलगा. पन्नाशी उलटली, मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, पण आमच्यात अजून बाळ्याच. इकडून आई सांगते, "सांग तिला—", तिकडून बाळ्या सांगतो, "आई म्हणते—". मी मध्ये फोन धरून उभी. आईला फोनचा स्पीकर लावता येत नाही ना!

दीडशे वर्षांचं वय आहे दोघींचं मिळून. अक्कल वाटणीला किती आली ते आज लिहवत नाही.

१८ जानेवारी, रविवार

वाऱ्याचा निरोप गेला. मी आशेने थांबले होते की मावशी तरी शहाण्यासारखं बोलेल.

बाळ्या म्हणाला, "जरा थांबा हं, विचारून येतो." बराच वेळ गेला. मग परत आला. "आई म्हणते, वारा पाठीमागून ढकलतो. या वयात मला कुणी ढकललेलं चालणार नाही."

आई इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग एकदम गंभीर होऊन, "सांग तिला, धडधाकट माणसाला धक्का लागत नाही."

मी चहा गरम करायला निघून गेले. फोन खुर्चीवर ठेवून.

२० जानेवारी, मंगळवार

आज तीन माणसांनी मला विमानाला किती तास लागतात ते सांगितलं. तिघांचे तास वेगळे. तिघांपैकी कोणीही कधी विमानात बसलेलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आजची देवाणघेवाण—

आई : माझे पाय सुजतात.
मावशी : विमानात पायांना काय काम आहे?
आई : मोठी तू आहेस, मोठ्याने पुढाकार घ्यावा.
मावशी : मोठी मी आहे, म्हणूनच लहानाने यावं.

हे सगळं चढ्या सुरात, साडेतेरा हजार किलोमीटरवरून. आणि हल्ली मावशी भलतीच हजरजबाबी झाली आहे. रुसवा मानवला म्हणायचा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आईला पायांच्या डॉक्टरांकडे नेलं. कारणं संपवायची म्हणून. माझा अर्धा दिवस गेला. मागे दातांचे दोन ठसे प्लास्टर भरायचे राहिले, ते आता आकसतात की टिकतात कोण जाणे.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, रक्त तपासलेलं पाहिलं. म्हणाले, "जा की आजी. घट्ट मोजे घाला. पाणी पीत राहा. अधूनमधून उठून चाला. झोपून राहू नका, एवढंच."

"सोळा तास हो!"

"सोळा काय, अठराही चालतील."

बाहेर आल्यावर जिन्यात म्हणाली, "अजून कोवळा आहे तो डॉक्टर."

डॉक्टर साठीचे आहेत! टक्कल आहे!

१५ फेब्रुवारी, रविवार

सुचलं! आधी का सुचलं नाही?

तिकीटवाल्याकडे गेले होते. त्याने पडद्यावर नकाशा काढला. थेट विमान घेतलं नाही तर मध्ये एका शहरात उतरून बदलावं लागतं. इथून तिथवर आठेक तास, तिथून पुढे आठेक. म्हणजे दोघींना सारखंच! दोघींनी मध्ये यायचं. चार दिवस एकत्र राहायचं, आपापल्या घरी परतायचं. कोणी कोणाकडे गेलं नाही. कोणाचं नाक कापलं गेलं नाही.

आईला सांगितलं. मला वाटलं, कवळी निघणार. तर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली भूगोलवाल्या बाई झाडांना पाणी घालत होत्या. मग म्हणाली, "तिथे थंडी असते का?"

म्हणजे हो!! मी तिला मिठीच मारली. "सोड, सोड, कंबर मोडशील," म्हणाली.

फोनवर बाळ्याला सांगितलं. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाला, "आईला विचारतो."

२२ फेब्रुवारी, रविवार

बाळ्या म्हणतो आई विचार करते आहे.

विचार! एवढा वेळ हजरजबाबी, आणि आता विचार!

१ मार्च, रविवार

बाळ्या म्हणतो मावशीचा पासपोर्ट सापडत नाही. मी म्हटलं, शोध. म्हणतो, बहुतेक मुदत संपली असेल. मी म्हटलं, सापडलाच नाही तर मुदत कुठून दिसली? म्हणतो, आठवतंय तसं. मी म्हटलं, नवा काढ. म्हणतो, सध्या कामं फार आहेत, दोन इमारतींच्या लिफ्ट एकदम बंद पडल्या आहेत.

आई बाजूला बसून ऐकत होती. 'सांग तिला' सुद्धा म्हणाली नाही.

आता मला राग मावशीचा नाही, बाळ्याचा येतो आहे. त्याला आई हलवायचीच नाही. एवढी वर्षं शिजवून घालणारं माणूस चार दिवस गेलं तर याच्या पोटाचं काय!

४ मार्च, बुधवार

रविवारची वाट न बघता आज सकाळीच फोन केला. मुद्दाम आईला न सांगता, कामाच्या खोलीचं दार लावून. चांगलं झाडायचं ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

फोन उचलला. मी सुरू करणार एवढ्यात मागून एक अनोळखी बाई म्हणाली, "कूस बदलायची वेळ झाली. तुम्ही खांद्याकडून धरता का?"

मी म्हटलं, "बाळ्या, कोणाची कूस?"

तो म्हणाला, "नंतर करतो."

"फोन ठेवलास तर मी आईला घेऊन उद्याच्या विमानात बसेन. कोणाची कूस?"

मग त्याने सांगितलं. पावसाळा संपता संपता मावशीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. डोळे उघडे असतात, माणूस आत आलं की बघते. कधी कळतं असं वाटतं, कधी वाटत नाही. रात्र होईपर्यंत एक नर्स असते. बाकी तोच.

मी म्हटलं, "आणि ते सगळे निरोप?"

"मीच."

"वाऱ्याने ढकलण्याचा?"

"मीच. तेवढ्यासाठीच थांबा म्हणालो होतो ना, सुचेना."

मी काय काय बोलले ते लिहिणार नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या रविवारी मावशी, म्हणजे तुझी आई, म्हणाली, ताईला दे. मी काय सांगू? तोंडातून निघालं, रुसली आहे ती, तू येत नाहीस म्हणून. वाटलं, आठवडाभराने सांगू नीट. पण मावशीने उलटा निरोप दिला. मी आत जाऊन तो आईला जसाच्या तसा सांगितला. तर तिने डावा हात उचलला. असा, माशी हाकलतात तसा. झटक्यानंतर पहिल्यांदा काहीतरी हललं तिचं. मग मी दर रविवारी काहीतरी सुचवत गेलो. मावशीने उत्तर द्यावं म्हणून. मावशीची उत्तरं खरी होती ना! ती मी सगळी आईला सांगायचो."

"मला तरी सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या मिनिटाला मावशीला सांगितलं असतंस."

तेही खरंच आहे. त्यानेच जास्त चिडले.

५ मार्च, गुरुवार

काल आईला सांगितलं नाही. आजही नाही. एका डॉक्टरांची खालची कवळी दुसऱ्याच डॉक्टरांकडे पाठवली. दोघेही फोनवर ओरडले. ओरडा म्हटलं.

७ मार्च, शनिवार

उद्या पुन्हा रविवार. बाळ्याला मी सांगून टाकलं आहे, आता एकही निरोप बनवलास तर याद राख. म्हणजे आजच सांगणं भाग होतं.

आई वाटाणे सोलत होती. मी समोर बसले, चार सोलले, आणि सांगितलं. सगळं. तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा सांगायला लागले तर म्हणाली, "ऐकलं मी."

मग म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"ती कधी कोणाच्या हाती निरोप पाठवेल? रागावली असती तर फोन हिसकावून मला फाडून खाल्लं असतं. आणि एवढी विनोदी कधीपासून झाली ती? ते बाळ्याचं डोकं. लहानपणापासून चावट."

मी थक्क! मी म्हटलं, "मग विचारलं का नाहीस? एवढे महिने! मला वाऱ्याच्या गोष्टी सांगत बसलीस! डॉक्टरांकडे नेलं मी तुला!"

"विचारलं असतं तर कळलं असतं," ती म्हणाली.

मी उरलेले वाटाणे सोलायला घेतले.

थोड्या वेळाने तिने साली गोळा केल्या, उठली. "मधल्या शहराचं हो म्हणाले ना, ते त्यासाठीच. म्हटलं, खरंच बरी असेल तर येईल." मग नळाखाली हात धुताना, पाठ माझ्याकडे करून म्हणाली, "थेट विमानाचं बघ. उतरून चढून कशाला वेळ घालवायचा."

८ मार्च, रविवार

आज फोन आईने स्वतः धरला. बाळ्याला म्हणाली, "फोन तिच्या कानाशी ने." त्याने नेला असावा. आई म्हणाली, "ताई, मी येते आहे. तू जिंकलीस. आता तरी फिटली का हौस?"

मग बाळ्या आला. आईने विचारलं, "हात हलवला का?"

"नाही मावशी. नुसती बघते आहे."

"बघू दे," आई म्हणाली.

१७ मार्च, मंगळवार

मागे एकदा जायचं म्हणून काढलेले व्हिसे अजून मुदतीत निघाले. आता ज्याला त्याला सल्ला द्यायचा आहे. भूगोलवाल्या बाई म्हणाल्या, या दिवसांत वारा कमी असतो, पंधरा तासांतसुद्धा पोचाल. तिकीटवाला म्हणाला, खिडकी घ्या. डॉक्टर म्हणाले, खिडकी नको, उठायला सोपं जाईल अशी मधल्या वाटेकडची घ्या. आई म्हणाली, दोन्ही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकीट फाटेस्तोवर भांडून वाटेकडची घेतली.

दातांच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं की महिनाभर मी नाही. एकाने विचारलं, तातडीचं आहे का? म्हटलं, मावशीचं आहे. त्याला कळलं नाही.

२५ मार्च, बुधवार

विमानात लिहिते आहे. अक्षर हलतं.

आईने पहिल्या तासात मोज्यांची तक्रार केली, दुसऱ्यात जेवणाची, तिसऱ्यात पुढच्याने खुर्ची मागे पाडल्याची. हवाई सुंदरीला विचारलं, "आज वारा कसा आहे?" ती बिचारी म्हणाली, "आत लागणार नाही आजी, काळजी करू नका."

समोरच्या पडद्यावर नकाशा आहे. छोटंसं विमान आणि मागे रेघ. गेलेलं अंतर, राहिलेलं अंतर. सगळे सिनेमे बघताहेत, आई ते विमान बघते आहे. मी म्हटलं, झोप जरा. तर म्हणते, "डॉक्टर म्हणाले झोपायचं नाही." त्या कोवळ्या डॉक्टरांचं एवढंच ऐकायचं होतं!

दर तासाला आम्ही दोघी शौचालयापर्यंत जाऊन येतो. तिचा हात माझ्या दंडावर. मघाशी परत येताना ती मधेच थांबली, खुर्च्यांना धरून. म्हणाली, "सोळा तासच होते गं."

मी तिला जागेवर आणून बसवलं आणि मोजे वर ओढले.

२७ मार्च, शुक्रवार

कालचं आज लिहिते.

बाळ्या दारात. पार पिकला आहे. हातांना वंगणाचा वास. आईने त्याच्या गालावर एक चापट मारली, मग तोच गाल कुरवाळला.

मावशी आतल्या खोलीत. खिडकीशी पलंग, उशाला पाण्याचा पेला आणि चोचीची बाटली. केवढीशी झाली आहे! तोंड उजवीकडे उतरलंय. माझं लक्ष आधी तिच्या कवळीकडेच गेलं. सैल झाली आहे, वर टेकतच नाही. धंद्याची खोड.

आई पलंगाशी उभी राहिली. मावशी तिच्याकडे बघत होती. ओळख पटली की नाही, सांगता येईना. मला वाटलं आई रडेल. बाळ्याने खुर्ची पुढे केली. आई बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि सुरू झाली. "एवढं सोळा तास बसवलंस मला! पायांचे खांब झाले. आणि जेवण म्हणून काय दिलं, विचारू नकोस..."

सुरू झाली ती दिवे लावेपर्यंत थांबली नाही.

मी आणि बाळ्या स्वयंपाकघरात उभे. तो म्हणाला, "माझं काम गेलं." आणि हसता हसता त्याला हुंदका आला. मी त्याला माफ केलेलं नाही. पण चहा केला.

१० एप्रिल, शुक्रवार

आईची रोजची ड्यूटी. सकाळी नर्सबरोबर मावशीचं अंग पुसते, मग खुर्ची ओढून बसते आणि बोलते. शेजारीपाजारी, मेलेली माणसं, मोडलेली लग्नं, माझे दोष. सगळं! नर्सने मला बाहेर नेऊन विचारलं, "त्या अशाच असतात का?" म्हटलं, हो.

मावशी बघते. कधी डोळे मिटून घेते. हात नाही हलवत आताशा. बाळ्याचा चेहरा उतरतो. आईचा नाही.

१९ एप्रिल, रविवार

उद्या मी परत. आई राहते आहे.

मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, "मला काय विचारतेस? मी काय हिशेब घेऊन आले आहे?" मी म्हटलं, तुझं तिकीट आहे, औषधं आहेत, घर आहे. "घर तू बघ. औषधं इथेही मिळतात. तिकीट फाड."

भांडले. बाळ्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला, दोघींनी त्याला हाकललं. शेवटी मीच तिच्या गोळ्या सकाळच्या-संध्याकाळच्या वेगळ्या करून डब्यांत भरल्या. ती बघत बसली. म्हणाली, "तू गेलीस की इथे मला ओरडणारं कोणी राहणार नाही." मी म्हटलं, सवय करून घे.

२२ एप्रिल, बुधवार

पोचले. विमान पावणेचौदा तासांतच आलं. भूगोलवाल्या बाई जिन्यातच भेटल्या, "सांगितलं नव्हतं?" म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर दार लावलं नाही, एवढंच पुण्य.

घर किती मोठं आहे! आधी कधी दिसलं नव्हतं.

३ मे, रविवार

सकाळीच आईचा फोन. स्वतः लावलेला! कुजबुजत होती.

"ती बोलली."

"कोण?"

"कोण काय! ताई. मी आपली सांगत होते तिला काहीबाही. तर डोळे उघडले आणि म्हणाली, 'गप्प बस.' स्पष्ट! बाळ्यानेही ऐकलं. नर्सनेही."

म्हटलं, "मग तू काय केलंस?"

"काय केलं म्हणजे? बसले गप्प! म्हणून तर जिन्यात येऊन बोलते आहे."